स्वे बारला मराठीत काय म्हणायचं?

कागदीघोडा
एका ओळखीच्यांचा चिंचवडला छोटा कारखाना आहे. लहान गाड्यांना मागे बसवायचा, कंपनीच्यापेक्षा जाड असा स्वे बार (वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) ते बनवतात. सोबतचं माहितीपत्रक मराठीत करायला माझ्याकडे आलंय. मी 'डोलदांडा' लिहिलं. मालक म्हणाले, "अहो, गाडी डोलू नये म्हणून बसवतात आणि तुम्ही तिला डोलायला लावताय!" मग 'डोलरोधक' केलं, तर त्यांचा फिटर म्हणाला, रेझिस्टरसारखा वायरिंगमध्ये येतो का हा? इंग्रज याला अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकन स्वे बार. आपण काय म्हणायचं?

सतराचा_पाना
गॅरेजात जंपिंग रॉड म्हणतात. मारुती ८०० च्या काळापासून. त्याचं बुश (दांडा धरून ठेवणारं रबर) गेलं की खड्ड्यात खट्खट् वाजतं, गिऱ्हाईक शॉकॲब्सॉर्बर गेला म्हणून येतं. दुकानात जाऊन 'डोलरोधक' मागून बघा, दुकानदार चष्मा काढून तुमच्याकडे बघेल.

कागदीघोडा
पण जंपिंगशी त्याचा काय संबंध? दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर तो नुसता बुशात फिरतो. एकच चाक वर गेलं किंवा वळणावर गाडी एका अंगावर गेली, तरच त्याला पीळ बसतो. 'पीळदांडा' कसं वाटतं?

सतराचा_पाना
मग टॉर्शन बारला, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याला, काय म्हणाल? तो निराळा.

शब्दखाऊ
मालकांचा आक्षेपच मला पटत नाही. फुलदाणीत फुलं, अत्तरदाणीत अत्तर. मच्छरदाणीत मच्छर ठेवता का? तिथे आपण झोपतो. नावाने उलटं बोलायचं आणि वापरणाऱ्याने सुलटं समजायचं, हे चालतंच. डोलदांडा राहू द्या.

शुद्धमती
'मच्छर' हिंदी, मराठीत डास. 'दाणी' फारसी 'दान'वरून. तुमच्या उदाहरणात मराठी काय उरलं?

शब्दखाऊ
ताई, डासदाणी म्हणून बघा एकदा.

देवगडचा_हापूस
आमच्याकडे शब्द तयार आहे: उलांडी. आजोबांच्या होडीला होती. एका बाजूला दोन आडवे वासे बाहेर काढलेले, त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारं हलकं लाकूड सुंभाने बांधलेलं. होडी तिकडे कलली की लाकूड दाबलं जातं आणि पाणी त्याला वर ढकलतं. उलट्या बाजूला कलली की त्याचं वजन खाली ओढतं. लहानपणी मी त्यावर बसायचो आणि शिव्या खायचो. गाडीची उलांडी! एवढा देखणा शब्द असताना डोल कशाला?

सतराचा_पाना
शब्द झकास, पण उलांडी बाहेर असते आणि एकाच बाजूला. हा गाडीच्या पोटाखाली, दोन्ही चाकांना बांधलेला. चिखलात माखला की दिसतही नाही.

डेट्रॉइटचा_पाहुणा
माझ्या माझदाला मागे जाड बार घातलाय, म्हणून दोन शब्द. पत्रकात जाडीचा हिशेब जरूर लिहा. बार भरीव असेल तर १६ मिलिमीटरच्या जागी १९ म्हणजे कडकपणा जवळजवळ दुप्पट, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वळणावर नाक बाहेर काढते, ते मागच्या जाड बारने कमी होतं. मात्र ओल्या रस्त्यावर शेपूट सुटू शकतं, हेही लिहा. बसवताना माझे दोन तास लिंकच्या (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या दांडीच्या) नटात गेले. नट फिरवला की आतला बोल्टही सोबत फिरतो, मध्ये ॲलन चावी धरावी लागते. आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर, चारही चाकांवर उभी असताना.

शुद्धमती
चावी पोर्तुगीज आहे. किल्ली म्हणा.

पणजीकार
पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह' म्हणजे किल्लीही आणि पानाही. पाहुण्यांनी नकळत मूळ अर्थाने वापरला की हो.

शुद्धमती
बरं. आणि कागदीघोडा, पत्रकात 'बार स्थापित करा' असं नाही ना लिहिलंत? स्थापना गणपतीची होते. बार बसवतात.

शब्दखाऊ
गणपतीसुद्धा बसवतातच, ताई.

सतराचा_पाना
ट्रकच्या लीफ स्प्रिंगला पाटे म्हणतात, ते कुठल्या समितीने ठरवलं? ज्याच्या हाताला काळं लागतं तो नाव देतो. जंपिंग रॉड लिहा.

देवगडचा_हापूस
होडीवाल्यांच्या हाताला काळं लागत नसेल, खारं पाणी तर लागतं ना?

कागदीघोडा
मंडळी, उद्या सकाळी छापखान्यात द्यायचंय. तूर्त 'स्वे बार (जंपिंग रॉड)' टाकतोय, पण मनाला पटत नाही. मथळ्यात नेमकं काय लिहू?

देवगडचा_हापूस
उलांडीचं अनेकवचन उलांड्या. लागेल म्हणून सांगून ठेवतो.

शुद्धमती
'छापखाना' वाचून बरं वाटलं, हल्ली सगळे प्रेसच म्हणतात. पण यातला 'छाप' मूळचा कुठला?