प्रतिसाद: नेवार्कची चौकोनी नाणी

वर कोणीतरी म्हटलंय की इंग्लंडमधल्या यादवी युद्धात वेढा पडला असताना नेवार्क या राजाच्या बाजूच्या गावाने चांदीच्या भांड्यांची जी नाणी पाडली, ती तिरप्या चौकोनाची केली ती वेगळी ओळखू यावीत म्हणून. मला नाही पटत. घरी शंकरपाळे केलेत का कधी? पोळी लाटून तिरप्या रेघा मारल्या की काही वाया जात नाही, पण वाटीने गोल पुऱ्या कापल्या की मधले तुकडे उरतात आणि परत मळून लाटावे लागतात. वेढ्यात अडकलेल्या गावात चांदी परत वितळवून पत्रा करत बसायला कोणाला वेळ होता! त्यामुळे ताटं-भांडी सपाट करून सरळ शंकरपाळ्यासारखी कापली, एका बाजूला मुकुट, सी आर (लॅटिनमधल्या ‘चार्ल्स राजा’ची आद्याक्षरं) आणि रोमन आकड्यात पेन्सची किंमत (३०, १२, ९, ६), दुसऱ्या बाजूला ओबीएस नेवार्क (म्हणजे वेढ्यातलं नेवार्क) आणि साल, १६४५ किंवा १६४६.

आणि एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही म्हणून सांगतो, यातल्या काही नाण्यांवर मूळ भांड्याच्या खुणा तशाच राहिल्यात. मी एक १२ पेन्सचं काचेमागे अगदी नाक लावून बघितलंय, एका कडेच्या खाचेत सोन्याच्या मुलाम्याचा बारीक पिवळा पट्टा होता, म्हणजे कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावरचं चांगलं भांडं होतं ते, आणि शेवटी बहुतेक शिपायाच्या पगारात गेलं. मी तिथून बराच वेळ हललोच नाही. वेढा संपला तो मे १६४६ मध्ये, चार्ल्स राजाने स्वतःच वेढा घालणाऱ्या स्कॉट सैन्याच्या हवाली होऊन नेवार्क सोडून द्यायला सांगितलं तेव्हा.