स्विचच्या कॉन्फिग बॅकअपसाठी टीएफटीपी सर्व्हर अजूनही लावायचा का?

वर्धा_रोड_नेटवर्क:
नागपूरजवळ बुटीबोरी, हिंगण्याकडे कारखान्यांची नेटवर्कची कामं करतो, आणि जिथं जावं तिथं हेच चालून राहिलं, कोपऱ्यात एक जुनी लिनक्स मशीन, तिच्यावर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवायची जुनी, साधी पद्धत), आणि सगळ्या स्विच-राउटरचे कॉन्फिग (सेटिंगच्या फाइल) तिथंच पडलेले. माझं मत स्पष्ट आहे, बॅकअपसाठी हे बंद करा. ना युजरनेम ना पासवर्ड, वायरवरून सगळं उघडं जातं. आणि कॉन्फिगमध्ये असतं काय ते तर बघा, एसएनएमपीची (डिव्हाइसवर लक्ष ठेवायच्या प्रोटोकॉलची) कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एक पासवर्डच, व्हीपीएनची की, सिस्कोचे टाइप ७ पासवर्ड जे सेकंदात उलगडतात. फाइलचं नाव माहीत असलं की कोणीही ओढून नेईल, आणि नाव तर बहुतेक ठिकाणी होस्टनेमच असतं. सर्व्हरवर एसएसएच (एन्क्रिप्टेड लॉगिन) असतंच ना, बॅकअपसाठी वेगळा युजर बनवा आणि त्यावरूनच फाइल नेणाऱ्या एससीपीनं घ्या.

हिंगणा_एमआयडीसी:
भाऊ, काऊन एवढं घाबरवून राहिले? मे महिन्यात ४५ डिग्रीत प्लांटमधला स्विच बसला, लाइन थांबली, सुपरवायझर डोक्यावर उभा, तेव्हा जे लगेच चालते तेच पाहिजे. टीएफटीपीडी-एचपीए (लिनक्सवरचा टीएफटीपी सर्व्हर) टाकलं, फोल्डर दिलं, झालं काम. तुमचं एससीपी नव्या स्विचवर ठीक आहे हो, पण आमच्याकडे असे डबे (जुने स्विच) आहेत ज्यांच्या इमेजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, क्रिप्टोच (एन्क्रिप्शनच) नाही, एसएसएच येणार कुठून? आणि ज्यांत आहे त्यांतल्या जुन्यांचंही २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ (सर्व्हरवरचं एसएसएच सॉफ्टवेअर) पासून जमत नाही, ओळख पटवायची जुनी एसएचए-१ वाली आरएसए सही तिथं डिफॉल्टनं बंद आहे.

वर्धा_रोड_नेटवर्क:
मग त्या मोजक्या डब्यांसाठी बाकी सगळ्यांचे पासवर्ड उघडे ठेवायचे का? जुन्या सह्या चालू करायच्याच असतील तर त्यांच्यासाठी वेगळा सर्व्हरच ठेवा, मुख्य सर्व्हर ढिला करू नका.

मिहान_नाइटशिफ्ट:
दोघंही एकाच कामावर भांडून राहिले. टीएफटीपी बूटसाठी लागतोच, पीएक्सई (नेटवर्कवरून कॉम्प्युटर सुरू करणं) आहे, आयपी फोन आहेत, इमेज खराब झाली तर रॉममॉनमधून (राउटरच्या रिकव्हरी मोडमधून) उचलायलाही बऱ्याच राउटरवर तोच. तो फक्त रीड ठेवा, अपलोडचा क्रिएट पर्याय देऊच नका, आणि मॅनेजमेंट व्हीलॅनमध्येच (फक्त डिव्हाइस सांभाळायच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) बांधा. फायरवॉलवाल्यांनी लक्षात घ्या, यूडीपी ६९ वर फक्त पहिली रिक्वेस्ट जाते, डेटा दुसऱ्याच पोर्टवरून येतो, हे दोन्ही एकच काम आहे हे फायरवॉलला ओळखू देणारा कनेक्शन ट्रॅकिंगचा हेल्पर नसला तर ट्रान्सफर लटकतो आणि लोक सर्व्हरला शिव्या देतात. मोठ्या इमेजचा वेगळा त्रास, ५१२ बाइटचे ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकला १६ बिटचा नंबर, म्हणजे साधारण ३२ एमबीवर मूळ गणित संपते, ब्लॉक मोठा करायचा ब्लॉकसाइजचा पर्याय दोन्हीकडे पाहिजे.

हिंगणा_एमआयडीसी:
व्हीलॅन वेगळा केला तर मग बॅकअपलाही काय हरकत आहे? फाइल आली की स्क्रिप्टनं दुसऱ्या सर्व्हरवर हलवतो.

वर्धा_रोड_नेटवर्क:
हलवा ना, पण हलवायच्या आधी ती वायरवरून उघडीच गेली, आणि त्या व्हीलॅनमध्ये व्हेंडरचा लॅपटॉप लागत नाही असं छातीठोकपणे सांगणारा मला तरी भेटला नाही. क्रिप्टो नसलेल्या डब्यांची यादी करून मालकासमोर ठेवा, ते बदलेपर्यंत कन्सोल केबलनं बॅकअप घ्या. बाकीचे स्विच तर याच आठवड्यात एससीपीवर जाऊ शकतात, आर्काइव्हची कमांड टाकली की प्रत्येक सेव्हला कॉपी आपोआप जाते.