ह्या जर्मन सॅक्सोफोनवाल्याला वाजवायला येत होतं की नुसता फुंकत होता?

खानापूरवाला

मंडळी जरा मदत करा की. परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर कद्री गोपालनाथांचं सॅक्सोफोन लावून पडलो होतो, ते संपलं आणि त्यानं आपोआप एक जर्मन बाबा लावला, पीटर ब्रॉटझमन की काय नाव, 'मशीन गन' म्हणून. पहिल्या दहा सेकंदांत वाटलं मोबाईलचा स्पीकर गेला. हेडफोन लावलो तर आणखीच. आई आतनं ओरडली, बाहेर कुत्री भांडायलीत काय रे बघ. पण खरं सांगतो, सतरा मिनिटं पूर्ण ऐकलो, बंद करवेना.

आमचे मामा लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवायचे, ते पितळी धूड अजून घरात माळ्यावर आहे, त्यामुळं वाद्य परकं नाही. म्हणून विचारतो, ह्या माणसाला खरंच येत होतं काय? आणि असलं वाजवून आयुष्यभर पोट कसं भरलं त्यानं? टिंगल नाही, सिरियसली विचारतोय.

जुनी_टेप

आधी नाव. ब्र्योट्समान. जर्मन स्पेलिंगमध्ये त्या ओ वर दोन टिंबं असतात त्यामुळं आपली जीभ अडकते, चालतंय.

जन्म 1941, रेमशाइड गावचा, नंतर सगळं आयुष्य शेजारच्या वुपरटालमध्ये काढलं आणि तिथंच जून 2023 ला गेला. मूळचा हा चित्रकार. आर्ट स्कूलला होता, 1963 मध्ये नाम जून पाइकचं प्रदर्शन वुपरटालच्या एका गॅलरीत लागलं तेव्हा त्याच्या हाताखाली राबायला होता. पाइक म्हणजे पियानोची मोडतोड करून तीच कला म्हणून मांडणारा माणूस, तर असल्यांच्या संगतीत हा वाढला. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट स्वतःच शिकला, गुरू नाही. त्याच गावात पीटर कोवाल्ट नावाचा बेसवाला पोरगा भेटला आणि दोघं सुटले.

आता पोटाचा प्रश्न. ह्याचं उत्तर मला वाटतं ह्याच्यातच आहे की त्यानं कुणाची वाट बघितली नाही. 1967 ला पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली, सॅक्सोफोन ज्यानं बनवला त्या अडॉल्फ सॅक्सच्या नावानं. 'मशीन गन' मे 1968 ची, ब्रेमेनच्या एका क्लबात रेकॉर्ड केलेली, पहिल्यांदा 300 च कॉप्या. कव्हर स्वतः डिझाईन करायचा, कार्यक्रमाला गेला की रेकॉर्डी स्वतः विकायचा. आपल्याकडं दिवाळी अंक काढणारे असतात बघा, लेखक तोच, संपादक तोच आणि गठ्ठे बांधून एसटीत टाकणारा पण तोच, तसलं काम. मग 1969 ला बर्लिनमध्ये योस्ट गेबर्स वगैरे मंडळींबरोबर एफएमपी, म्हणजे फ्री म्युझिक प्रॉडक्शन ही रेकॉर्ड कंपनी, सुरू झालं आणि युरोपातल्या ह्या सगळ्या फुंकणाऱ्यांना एक घर मिळालं.

आणि 'मशीन गन' हे त्याचंच टोपणनाव होतं, ट्रंपेटवाल्या डॉन चेरीनं ठेवलेलं. वाजवण्यावरनं.

कट्टा_टिळकवाडी

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी धारवाडला सहा वर्षं जाऊन येऊन गाणं शिकलो, पहिलं वर्ष नुसता सा. ज्या मातीत मल्लिकार्जुन मन्सूर झाले, आपल्या सुळेभावीत कुमारजी जन्मले, तिथं बसून ह्याला संगीत म्हणायचं? सूर नाही, लय नाही, आठ जण एकदम बोंबलतात. कला म्हणा, निषेध म्हणा, काय पण म्हणा. ऐकलो मी तीन मिनिटं. पुरे.

वरातवाला

कट्टावाले साहेब तुमचं खरं आहे पण मी बावीस वर्षं बँडात टेनर सॅक्सोफोन वाजवलोय म्हणून जरा बोलू द्या.

तो नुसता फुंकत नाही. नुसतं जोरात फुंकलं तर सॅक्सोफोन चिरकतो आणि गप बसतो, तासभर तसं वाजवता येत नाही, ओठ फाटतात. तो जे करतो त्यात तीन गोष्टी एकदम चालूत. खालच्या ओठाचा दाब पत्तीवर, म्हणजे तोंडात धरायच्या वेताच्या पट्टीवर, कमी जास्त करून एकाच बोटावरनं वरचा सूर, त्याच्या वरचा सूर असं उडवतो. दुसरं, फुंकताना गळ्यातनं हुंकार देतो, म्हणून तो आवाज फाटल्यासारखा, वाघ गुरगुरल्यासारखा येतो. आणि तिसरं म्हणजे दम. पोटातनं. हे आम्हाला पण करावं लागतं बरं का, फक्त आम्ही कबूल करत नाही. शहापुरात गणपतीची मिरवणूक निघाली आणि मागं ढोल, पुढं हलगी, बाजूला डॉल्बी असली की तिथं गोड वाजवून काय उपयोग, कुणाला ऐकायलाच येत नाही. मग चाल सोडायची आणि वरच्या पट्टीत नुसतं किंचाळायचं. मी एकदा तसं वाजवताना पत्तीचं टोक उडून ओठात घुसलं, शर्टाच्या पांढऱ्या कॉलरवर रक्त, मालक म्हणाला युनिफॉर्म धुवायचे पैसे कापतो.

फरक एवढाच की आम्ही ते नाइलाजानं दोन मिनिटं करतो आणि त्यानं तेच धरून बांधलं. नीट ऐका, 'मशीन गन' मध्ये मध्ये थांबतंय, सगळे मिळून एक ठोका मारतात, परत सुटतात. ठरवल्याशिवाय आठ माणसं एका जागी थांबत नाहीत, हे बँडवाल्याला विचारा.

जुनी_टेप

वरातवाले, युनिफॉर्मवरनं आठवलं! 1968 ला बर्लिनच्या मोठ्या जॅझ महोत्सवाचं आमंत्रण होतं ह्याला, पण तिथं काळा सूट घालायची अट, आणि माझी माणसं सूट घालतील ह्याची गॅरंटी हा देईना, आमंत्रण गेलं. मग ह्या लोकांनी त्याच शहरात, त्याच दिवसांत स्वतःचा वेगळा जलसा भरवला, टोटल म्युझिक मीटिंग, आणि तो पुढं कितीतरी वर्षं चालला. सुटावरनं!

ते आठ जण पण बघा. तीन सॅक्सोफोन, दोन बेस, दोन ड्रम, एक पियानो. जर्मन तिघं, हॉलंडचे दोघं, बाकी एक इंग्रज, एक बेल्जियमचा, एक स्वीडनचा. पाच देश. आणि 1968 म्हणजे महायुद्ध संपून तेवीसच वर्षं झालेली, ह्यातल्या बऱ्याच जणांचे बाप कुठं कुठं समोरासमोर असणार. बापांनी काय केलं हा प्रश्न त्या पिढीतल्या जर्मन पोरांना चैन पडू देत नव्हता आणि तो आवाज तिथनं पण येतोय असं मला तरी वाटतं. (आपल्याकडं बेळगावात पाटी मराठीत की कन्नडमध्ये ह्यावर दोन माणसं एका टेबलावर चहा पीत नाहीत, ते असो.)

कट्टावाले, तुम्हाला एक सुचवू? 2019 ची सोलो रेकॉर्ड आहे, 'आय सरेंडर डिअर', जुन्या जमान्यातल्या जॅझच्या चाली, एकटा टेनर. म्हातारा माणूस रात्री ओसरीवर बसून स्वतःशी गुणगुणतोय तसं. शाळेत असताना त्यानं सिडनी बेशे, जुना अमेरिकन जॅझवाला, प्रत्यक्ष ऐकलेला, ते सगळं त्यात वर येतंय. सूर नव्हता असं मग म्हणणार नाही तुम्ही.

कट्टा_टिळकवाडी

ऐकलो. दोन चाली. सूर आहे, मान्य. पण मग आधी पन्नास वर्षं लपवून का ठेवला होता?

जुनी_टेप

लपवला नव्हता हो, 1984 ला पण सोलो आहे तसली, '14 लव्ह पोएम्स'. लोकांनी 'मशीन गन' सोडून दुसरं ऐकलं नाही ह्याला तो काय करणार. मधल्या काळात हान बेनिंक ह्या डच ड्रमरबरोबर 1977 ला जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट जंगलात जाऊन बसला, तो झाडं बडवतोय, पाणी बडवतोय, हा पक्ष्यांशी बोलतोय. 1986 ला अमेरिकनांबरोबर 'लास्ट एक्झिट' हा बँड, ते रॉकवाल्यांना आवडेल. 1997 पासून पंधरा वर्षं शिकागोची दहा जणांची टीम घेऊन फिरला, दहा माणसांचं तिकीट, हॉटेल, हिशेब करा. बेस सॅक्सोफोनपासून तारोगाटोपर्यंत काय पण वाजवायचा. तारोगाटो हे हंगेरीचं लाकडी वाद्य, आवाज आपल्या सनईच्या चुलत्यासारखा, वरातवाल्यांनी आवर्जून ऐकावं. शेवटी शेवटी फुफ्फुसांनीच दगा दिला.

खानापूरवाला

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. रविवारी मामांकडं गेलो, माळ्यावरनं पेटी काढली. गाद्यांचं चामडं उंदरांनी खाल्लंय, दोन चाव्या गंजून बसल्यात, पण नळीत अजून वास आहे, पान आणि पितळ मिसळलेला. मामांना आता कवळी आहे, पत्ती धरता येत नाही, त्यामुळं वाजवणं बंदच. त्यांना आधी तारोगाटो ऐकवलं, मान डोलवत होते, म्हणाले हा चौघडा कुठला. मग 'मशीन गन' लावलं. पाच मिनिटं डोळे मिटून, उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. मामी स्वयंपाकघरातनं दोनदा येऊन बघून गेली.

बंद केल्यावर म्हणाले, "दम आहे गा बाबाला. पण वरातीत नको. घोडा बुजतंय."