घाटात स्टिअरिंग जड होते आणि पट्टा चिरकतो: दोष पट्ट्याचा की पंपाचा?

प्रश्न (पाचोरा, जि. जळगाव)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे सात आसनांची जुनी डिझेल गाडी असून तिला तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आहे. सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटमधून क्षणभर चिरका आवाज येतो. दुपारी एसी चालू ठेवून बाजारात गाडी लावताना स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले, की तोच आवाज पुन्हा येतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, ज्या वळणांवर इंजिनचे फेरे कमी होतात, तिथे स्टिअरिंग एकाएकी जड होते आणि फेरे वाढवल्यावर पुन्हा हलके होते. अशा वेळी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही मंद लुकलुकतो. मिस्त्रींनी स्टिअरिंगला तेलाचा दाब पुरवणारा पंप बदलण्याचा सल्ला दिला आहे. पंप महाग असल्यामुळे दोष नेमका कोठे आहे, हे कळल्याखेरीज खर्च करण्याची माझी तयारी नाही. स्टिअरिंग ऑइलची पातळी किमान रेषेच्या खाली गेलेली आढळली. गाडीखाली मात्र ऑइलचा डाग नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (गॅरेज, भुसावळ)

दादा, आपल्या वर्णनातली सर्वांत मोलाची खूण म्हणजे बॅटरीचा दिवा. नुसता पंपाचा दाब कमी पडला म्हणून तो दिवा लागत नाही. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आणि पंप हे दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरत असतील आणि दोघेही एकाच वेळी कमी पडत असतील, तर संशय आधी त्यांना फिरवणाऱ्या पट्ट्यावर घ्यायला हवा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर पंपावरचा दाब कमाल होतो, त्यात एसीच्या कॉम्प्रेसरचा भार मिळाला, की ढिला पट्टा पुलीवरून घसरतो आणि किंचाळतो. काही गाड्यांत एसीला स्वतंत्र पट्टा असतो, म्हणून आपल्या गाडीत पट्टा कोणकोणत्या पुल्यांवरून जातो, हे प्रथम पाहून घ्यावे.

इंजिन बंद करून, किल्ली काढून पट्टा उलटा करून पाहावा. आतल्या उभ्या धारा काचेसारख्या चकाकत असतील, तर पट्टा घसरतो आहे. अलीकडच्या पट्ट्यांचे रबर झिजले तरी त्याला भेगा पडतीलच असे नाही. धारांमधल्या खाचा रुंद होत जातात आणि पट्टा पुलीत खोल बसू लागतो, त्यामुळे ‘भेग नाही म्हणजे पट्टा चांगला’ हा समज सोडून द्यावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, इंजिनजवळ उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते, आणि त्यात रस्त्यावरची बारीक धूळ खाचांत बसते. पट्ट्याचे आयुष्य इथे लवकर सरते.

त्यानंतर इंजिन सावकाश चालू ठेवून धारांच्या बाजूवर साध्या पाण्याचा थोडा फवारा मारावा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला, तर एखादी पुली रेषेत नाही, असे बहुधा निघते. हे करताना गळ्यातला रुमाल काढून ठेवावा आणि बाह्या वर सरकवाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात, तसे काही जण गाडीच्या पट्ट्यालाही मेण किंवा साबण चोळतात. आवाज दोन दिवस दबतो, पण खाचांत धूळ चिकटून पट्टा आणखी बिघडतो. आवाज बंद व्हावा म्हणून पट्टा नको तितका ताणणेही तितकेच वाईट, कारण त्यात अल्टरनेटरचे आणि पंपाचे बेअरिंग जाते.

उत्तर २ (मोटार मेकॅनिक विषयाचे निदेशक, धुळे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे; मात्र ऑइलची पातळी कमी झाली होती, ही गोष्ट वेगळी तपासायला हवी. ते ऑइल कुठेतरी गेलेच आहे. पंपाच्या पुलीमागचे सील पाझरत असेल, तर तेल थेट पट्ट्यावर उडते आणि नवा पट्टाही लवकरच फुगून घसरू लागतो. रॅकच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या, टोकांना असलेल्या रबरी भात्यांत ऑइल साचत असेल, तरी जमिनीवर डाग पडत नाही. भाता दाबून पाहिल्यास ते कळते.

दुसरे, आवाजाचा पोत ओळखावा. पट्टा चिरकतो, पंप घरघरतो किंवा कण्हल्यासारखा आवाज करतो आणि तो स्टिअरिंग वळवताना वाढतो. स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून, इंजिन चालू असताना ऑइलकडे पाहावे. त्यावर फेस दिसत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर आत हवा शिरते आहे. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत दाब नव्हे, तर ओढ असते. तिची क्लिप सैल असेल तर ऑइल गळण्याऐवजी बाहेरची हवाच आत खेचली जाते. कित्येक चांगले पंप केवळ या एका क्लिपपायी बदलले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हवा काढण्यासाठी पुढची चाके जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड लावावेत. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे, पातळी खाली जाईल तसे ऑइल भरत राहावे आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच वापरावे. याच स्थितीत इंजिन बंद असतानाही स्टिअरिंग अडत-अडत फिरत असेल, तर दोष सांध्यांत किंवा स्टिअरिंग बॉक्समध्ये आहे. पंपाचा तिथे संबंध नाही.

उत्तर ३ (शहादा)

पुढच्या टायरमधली हवाही पाहावी, कमी हवेनेही स्टिअरिंग जड होते. ज्यांच्या गाडीत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आहे, त्यांना हा ऑइलचा भाग लागू नाही. तिथे बॅटरी, फ्यूज आणि वायरिंग तपासावे.

प्रश्नकर्ता (पाचोरा)

सर्वांचा आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. पट्ट्याच्या धारा चकाकत होत्या आणि पाणी मारताच आवाज मोठा झाला. इंजिन चालू असताना टेन्शनरचा (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचा) दांडा थरथरत होता, आणि पट्टा उतरवल्यावर त्याची पुली हाताने फिरवली तेव्हा आत वाळू असल्यासारखी खरखर लागली. टेन्शनर आणि पट्टा बदलल्यावर चिरका आवाज आणि बॅटरीचा दिवा, दोन्ही बंद झाले. बारीक घरघर मात्र उरली आहे, आणि टाकीत थोडा फेसही दिसतो.

उत्तर २ (धुळे)

म्हणजे आता ओढीची नळी. तिची टोके कापून तीच नळी पुन्हा बसवू नका. नळी उष्णतेने कडक झाली असेल तर नळी आणि क्लिपा एकत्रच बदलाव्यात आणि मग वरीलप्रमाणे हवा काढावी. एवढे करूनही, ऑइल तापल्यावर कमी फेऱ्यांत स्टिअरिंग जड राहिले, तर मिस्त्रींना पंपाचा दाब गेज लावून मोजायला सांगावे. दाब कमी भरला तरच पंप उघडावा. तोवर घाटात गाडी नेऊ नये, आणि वळवताना स्टिअरिंग शेवटच्या टोकाला धरून ठेवू नये.