मदत हवी आहे : मोठा अल्टरनेटर बसवल्यापासून चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही

शंकासुर :
नमस्कार. गेल्या आठवड्यात मी गाडीला ६० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज देणारे यंत्र) बसवला आणि तेव्हापासून चावी काढून हातात घेतली तरी इंजिन चालूच राहते. चार्जिंग व्यवस्थित होते, पट्टा किंचाळत नाही, ब्रॅकेटही कापावे लागले नाही. म्हणजे काम नीट झाले आहे, अडचण एवढी एकच आहे. गाडी थांबवण्यासाठी मला ती चौथ्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडावा लागतो. रविवारी गाडी बाहेर काढायची आहे, तेव्हा कृपया नेमके उत्तर द्यावे. ‘चांगल्या इलेक्ट्रिशियनला दाखवा’ हा सल्ला मला घरातूनच मिळालेला आहे.

पाना-पक्कड :
गाडी कोणती, कोणत्या वर्षाची, आधीच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) बाहेर होता की आत, आणि नवा अल्टरनेटर कोणत्या गाडीचा आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. नेमके उत्तर हवे असेल तर प्रश्नही नेमका हवा.

जुना कार्ब्युरेटर :
याचा अल्टरनेटरशी काहीही संबंध नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनात ज्वलनकक्षात कार्बन साठतो, तो तापून लाल होतो आणि ठिणगी नसतानाही पेट्रोल पेटत राहते. आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) खाली आणा, ठिणगीचे टायमिंग तपासा आणि अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरा. माझ्या गाडीला हाच त्रास तीन वर्षे होता आणि तो असाच गेला.

शंकासुर :
गाडी डॅटसन २४० झेड आहे, १९७२ ची, आणि अल्टरनेटर त्याच कंपनीच्या नंतरच्या २८० झेडएक्सचा आहे; मला वाटले ६० अँपिअर म्हटल्यावर ते कळेलच. इंजिन कार्बनमुळे चालत नाही. ते अडखळत नाही, धडधडत नाही, अगदी एकसारखे चालते, जणू चावी लावलेलीच आहे.

तारायंत्री :
शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. तापलेल्या कार्बनमुळे चालणारे इंजिन गचके खात, खडखडत चालते आणि बहुधा काही सेकंदांत आपसूक बंद पडते. ते एकसारखे चालत असेल तर कॉइलला (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणाऱ्या भागाला) कुठून तरी विद्युतपुरवठा होतो आहे. आता एकच सांगा : बाहेरच्या रेग्युलेटरचा डबा काढल्यावर त्याच्या प्लगमधल्या तारांचे आपण काय केले?

शंकासुर :
आकृतीत दाखवल्याप्रमाणे डब्याच्या प्लगमध्ये दोन जोड-तारा घातल्या. त्या आकृतीत डायोडचे (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचे) चिन्हही होते, पण चार्जिंग त्याच्यावाचून सुरू झाल्यामुळे मी तो लावला नाही.

पाना-पक्कड :
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर धागा तिथेच संपला असता.

तारायंत्री :
कारण सविस्तर लिहितो, कारण ही चूक अनेक जण करतात. बाहेरच्या रेग्युलेटरच्या मूळ रचनेत चावीकडून येणारी तार रेग्युलेटरमार्गे अल्टरनेटरच्या फिरत्या वेढ्याला वीज देण्याचेच काम करत असे; त्या वाटेने अल्टरनेटरमधून काही परत येत नसे. आपल्या नव्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर आत आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या प्लगमध्ये ‘एल’ व ‘एस’ अशी टोके आहेत. ‘एस’ हे टोक बॅटरीचे व्होल्टेज पाहते. ‘एल’ हे टोक चार्जिंगच्या दिव्यासाठी असते. सुरुवातीला ते बाहेरून थोडी वीज घेते, पण अल्टरनेटर फिरू लागला की आतल्या छोट्या डायोडांमुळे तेच टोक स्वतः जवळजवळ बॅटरीइतके व्होल्टेज देऊ लागते. आपण ते टोक थेट चावीच्या तारेला जोडले आहे आणि कॉइलही त्याच तारेवर आहे. त्यामुळे चावी बंद केल्यावर प्रवाह उलट दिशेने कॉइलपर्यंत पोहोचतो, इंजिन अल्टरनेटरला फिरवते आणि अल्टरनेटर इंजिनाला जगवतो.

खात्री करण्यासाठी चावी बंद करा आणि इंजिन चालू असतानाच अल्टरनेटरवरचा तो दोन टोकांचा प्लग ओढून काढा. इंजिन तत्क्षणी बंद पडले तर निदान पक्के. ‘एल’च्या तारेत ३ अँपिअरचा साधा सिलिकॉन डायोड घाला; १एन५४०१ चालेल. डायोडवर रंगवलेला पट्टा अल्टरनेटरच्या बाजूला यायला हवा.

जुना कार्ब्युरेटर :
प्लग कशाला? आम्ही तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचीच तार काढतो. इंजिन चालू राहिले तर अल्टरनेटर उत्तम, बंद पडले तर बाद.

तारायंत्री :
कृपया असे कोणीही करू नये. अल्टरनेटरच्या आधीच्या डायनामोच्या काळात ही युक्ती खपून जात असे. अल्टरनेटर भार वाहत असताना बॅटरी एकदम तोडली तर व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळते आणि आतले डायोड, रेग्युलेटर, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यास तेही जाऊ शकते. दोन टोकांचा प्लग काढणे आणि बॅटरी काढणे या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत.

दीपस्तंभ :
डायोडपेक्षा चार्जिंगचा दिवा लावणे अधिक शहाणपणाचे आहे. १२ व्होल्ट, २.२ वॅटचा दिवा ‘एल’च्या तारेत घातला तर त्यातून ०.२ अँपिअरही जात नाही आणि कॉइलला इंजिन चालवण्यासाठी ३-४ अँपिअर लागतात, म्हणजे उलटा प्रवाह आपोआप निरुपयोगी ठरतो. वर पट्टा तुटल्याची सूचनाही मिळते.

पाना-पक्कड :
त्या दिव्याची तार एकदा जळाली की इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर जागा होईलच याची खात्री नाही. तुम्हाला दिवाच हवा असेल तर त्याला समांतर एक रोधक (रेझिस्टर) लावा. माझे मत डायोडलाच आहे.

एमजीप्रेमी :
सर्वांत आधी गाडीचा अर्थ (बॅटरीची बॉडीला जोडलेली बाजू) धन आहे की ऋण ते तपासा. माझ्या १९६४ च्या एमजीबी या ब्रिटिश गाडीला २२ अँपिअरचा डायनामो होता आणि धन बाजू बॉडीला जोडलेली होती. कंपनीने १९६७ च्या अखेरीस अल्टरनेटर दिला तेव्हा ऋण अर्थही आणला. धन अर्थ तसाच ठेवून अल्टरनेटर जोडला तर डायोड क्षणात जळतात. मी बॅटरी उलटवली, कॉइलच्या तारा बदलल्या, रेडिओ काढून टाकला.

शंकासुर :
माझी गाडी मुळातच ऋण अर्थाची आहे आणि तिला अल्टरनेटर पहिल्यापासून आहे. आभारी आहे, पण हा माझा प्रश्न नव्हता.

मंदप्रकाश :
मोठा अल्टरनेटर हवाच कशाला? हेडलाइटला एलईडी लावले असते तर जुना पुरला असता.

शंकासुर :
रेडिएटरला विजेचा पंखा लावला आहे. तो एकटाच चालताना १५ अँपिअरच्या आसपास घेतो आणि सुरू होताना त्याहून कितीतरी अधिक. ६० वॅटचे दोन हेडलाइट मिळून ९ अँपिअर होतात. तेवढे वाचवून सिग्नलला उभी असलेली गाडी थंड राहत नाही.

पाना-पक्कड :
हे बरोबर आहे, पण ६० हा आकडा अल्टरनेटर वेगाने फिरत असतानाचा आहे, आयडलिंगला त्याच्या निम्म्याच्या आसपास धरून चला. आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २४० झेडच्या डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर (प्रवाह दाखवणारे मापक) आहे आणि चार्जिंगचा सगळा प्रवाह त्याच्यातून जातो. आपण तो तसाच ठेवला आहे का? आणि अल्टरनेटरची जाड तार बदलली का?

शंकासुर :
तार जुनीच आहे. अ‍ॅमीटर चालतो, काटा सुरुवातीला टोकाला जातो आणि मग मागे येतो.

दीपस्तंभ :
म्हणजे ६० अँपिअर बॅटरीत घुसत आहेत. बॅटरी फुगेल.

तारायंत्री :
६० अँपिअर ही क्षमता आहे, सक्ती नव्हे. रेग्युलेटर व्होल्टेज साधारण १४.२ ते १४.५ वर धरतो आणि बॅटरी आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. परंतु बॅटरी उतरलेली असताना इंजिन सुरू केले तर ती खरोखरच पुष्कळ ओढते, आणि तो सगळा प्रवाह पन्नास वर्षे जुन्या जोडांतून आणि बल्कहेडमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाऊन बाहेर येणाऱ्या तारेतून जातो. आग लागते ती अशा सैल, काळ्या पडलेल्या जोडांपाशी. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत १० चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार न्या आणि बॅटरीजवळ ८० अँपिअरचा फ्यूज घाला. दोन मीटर लांबीत ५० अँपिअरला सुमारे ०.१८ व्होल्ट गळतात. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच आकडा ०.४४ होतो. त्यानंतर अ‍ॅमीटरचा काटा फारसा हलणार नाही, म्हणून तो काढून त्याच्या दोन्ही तारा एकत्र घट्ट जोडा आणि व्होल्टमीटर लावा. नंतरच्या २६० झेडमध्ये कंपनीनेही व्होल्टमीटरच दिला होता.

शंकासुर :
प्लग ओढला आणि इंजिन त्याच क्षणी बंद पडले. मग डायोड लावला. चावी फिरवताच इंजिन थांबले, म्हणून मी आनंदाने फेरी मारून आलो, पण परतल्यावर बॅटरीवर जेमतेम १२.१ व्होल्ट होते. डायोड उलटा लागला होता. तो सुलटा केल्यावर आता १४.३ मिळतात आणि गाडी चावीने बंदही होते. जाड तार आणि फ्यूज आणले आहेत. अ‍ॅमीटर मात्र मला काढायचा नाही, तो मूळचा आहे.

पाना-पक्कड :
मूळचा काटा आणि मूळचे कवच ठेवून आत व्होल्टमीटरचे यंत्र बसवून घेता येते. तोपर्यंत रात्री पंखा आणि हेडलाइट एकत्र चालू असताना डॅशबोर्डमागे हात घालून अ‍ॅमीटरचे दोन्ही नट गरम लागतात का ते पाहा, आणि इथे लिहा.