मदत हवी आहे: साइटवर युनियनचा स्टुअर्ड होऊ का? (ओंटारियो, कॅनडा)

सिन्नरकर

नमस्कार मंडळी. टोरंटोजवळ इलेक्ट्रिशियन आहे. आयटीआय नाशिकला केलं, इथे येऊन अप्रेंटिसशिपचे ९००० तास भरले, परीक्षा दिली आणि जर्नीमन (पूर्ण पात्र कारागीर) झालो. सध्या एका उंच इमारतीच्या साइटवर आहे. आमचा स्टुअर्ड (साइटवर कामगारांच्या बाजूने बोलणारा युनियनचा माणूस) दुसऱ्या कामावर गेला, तेव्हा लोकलच्या (युनियनच्या स्थानिक शाखेच्या) बिझनेस रेपने (शाखेच्या प्रतिनिधीने) विचारलं, ही जबाबदारी तू घेशील का? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

माझे वडील गवंडी. त्यांच्या कामावर मजूर आणि ठेकेदार यांच्यामध्ये एकच माणूस असायचा, मुकादम. माणसं तोच आणायचा, हजेरी तोच मांडायचा, पैसे तोच वाटायचा आणि भांडण झालं की निवाडाही तोच करायचा. मजुराच्या बाजूने बोलायला वेगळं कुणी नव्हतं. इथे पहिल्यांदा स्टुअर्ड पाहिला तो आमच्यासारखाच कमरेला हत्यारांचा पट्टा लावून पाइप वाकवणारा. पण कुणाच्या पगारात दोन तास कमी लागले की हाच माणूस फोरमनसमोर युनियन आणि मालकांमधला करार उघडून बसायचा. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच घाईने हो म्हणायचं नाहीये.

अडचण अशी, की आमचा फोरमन मराठी आहे. मी त्याच्याच गाडीतून कामावर जातो, दोन्ही घरांचं येणंजाणं आहे. आणि साइटवर कुरकुर चालू आहे की शनिवारचा ओव्हरटाइम ठरावीक लोकांनाच मिळतो. त्या ठरावीक लोकांत मीही आहे. स्टुअर्ड झालो तर पहिली तक्रार हीच येणार. कसं वागावं?

दुसरं. मध्यंतरी शाफ्टच्या (इमारतीतल्या उभ्या पोकळीच्या) तोंडावरचं रेलिंग काढलेलं होतं आणि दोन अप्रेंटिसना तिथेच केबल ओढायला लावलं. अशा वेळी स्टुअर्डने 'सगळ्यांनी काम थांबवा' म्हटलं तर चालतं का?

मुक्काम हॅमिल्टन

सिन्नरकर, मी शीट मेटलमध्ये होतो, बऱ्याच साइटवर स्टुअर्ड म्हणून काम केलंय. दुसरा प्रश्न आधी घेतो, तो जास्त नाजूक आहे.

'सगळ्यांनी थांबा' हे स्टुअर्डने कधीही म्हणायचं नाही. करार चालू असताना एकत्र ठरवून काम बंद केलं की ओंटारियोत तो बेकायदा संप होतो, आणि ते तुमच्यावर आणि लोकलवर शेकतं. पण धोक्याचं काम नाकारायचा हक्क प्रत्येक कामगाराला स्वतःचा आहे. आरोग्य-सुरक्षा कायद्याचं कलम ४३ पाठ करून ठेवा. त्या अप्रेंटिसने स्वतः सुपरवायझरला सांगायचं, की मला हे धोक्याचं वाटतंय, मी करत नाही. मग सुपरवायझरने त्याच्यासमोर आणि कामगारांच्या प्रतिनिधीसमोर तिथल्या तिथे पाहणी करायची. तरी समाधान झालं नाही तर कामगार मंत्रालयाचा इन्स्पेक्टर बोलवायचा. तोवर तेच काम दुसऱ्याला द्यायचं असेल, तर आधीच्याने ते का नाकारलं हे नव्या माणसाला प्रतिनिधीसमोर सांगावं लागतं. दोघांना भीती वाटत असेल तर दोघांनी आपापलं सांगायचं. तुमचं काम त्यांना हा हक्क समजावायचं आणि त्यांच्या शेजारी उभं राहायचं. नवीन पोरं बोलत नाहीत, त्यांना वाटतं घरी पाठवतील.

बाकी सगळ्या बाबतीत उलटा नियम: आधी काम करा, मग तक्रार करा. फोरमनने चुकीच्या ट्रेडचं काम सांगितलं, ब्रेक कापला, तरी जागच्या जागी हुज्जत नको. वहीत तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहा, आधी फोरमनशी बोला, नाही सुटलं तर रेपला फोन करा. लेखी तक्रारीला करारात मुदत असते. ती उलटली की न्याय्य तक्रारसुद्धा बुडते. ही मुदत आजच बघून ठेवा.

एकदा सवडीने यॉर्क मिल्स सबवे स्टेशनात जा. तिथे हॉग्ज हॉलोच्या अपघाताची भलीमोठी गोधडी भिंतीवर लावलीय. १७ मार्च १९६० ला पाण्याच्या पाइपलाइनच्या बोगद्यात पाच इटालियन मजूर मरण पावले. तेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. त्यानंतर इथल्या सुरक्षेच्या कायद्यांना वेग आला.

अपर्णा_मिसिसागा

मी कामगार कायद्याचं काम करणाऱ्या ऑफिसात आहे. वरच्या उत्तरात एक भर घालते, कारण यात खूप जणांचा गोंधळ होतो. स्टुअर्ड आणि सुरक्षा प्रतिनिधी ही दोन वेगळी पदं आहेत. स्टुअर्ड युनियनचा, त्याचं काम कराराचं. बांधकामात त्याला बहुधा लोकलच नेमतं, निवडणूक नसते. सुरक्षा प्रतिनिधी मात्र कायद्याने लागतो: सहा ते एकोणीस कामगार असतील तर एक प्रतिनिधी, वीस किंवा जास्त असतील आणि काम तीन महिने किंवा त्याहून जास्त चालणार असेल तर कामगार आणि व्यवस्थापनाची संयुक्त समिती. एकच माणूस दोन्ही असू शकतो. तुमच्याकडे कोण आहे ते सोमवारच्या आधी विचारा. त्याचं नाव साइटवर लावलेलं असायला हवं.

२४ डिसेंबर २००९ ला टोरंटोत किपलिंग अॅव्हेन्यूवर झुलतं स्टेजिंग (इमारतीबाहेर टांगलेला कामाचा प्लॅटफॉर्म) तुटून चार कामगार मेले. त्या कामाच्या प्रोजेक्ट मॅनेजरला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. काम नाकारायचा हक्क तेव्हाही कायद्यात होताच. तो वापरायला कुणीतरी पाठीशी असावं लागतं, म्हणून मला वाटतं तुम्ही हो म्हणावं.

धोक्याचं काम नाकारलं म्हणून काढून टाकणं, पगार कापणं, धमकावणं याला आरोग्य-सुरक्षा कायद्याच्याच कलम ५० नुसार बंदी आहे, हे अप्रेंटिसना आवर्जून सांगा.

सिन्नरकर

दोघांचेही आभार, बरंच स्पष्ट झालं. सुरक्षा प्रतिनिधी दुसऱ्या ट्रेडचा आहे, उद्याच त्याला गाठतो. पण फोरमनचं काय करू? नातं तोडायचं नाहीये.

मुक्काम हॅमिल्टन

तोडूही नका. पद घ्यायच्या आधीच त्याला समोर बसवून सांगा: "दादा, मी हे घेतोय. साइटवर तुझ्याविरुद्ध तक्रार आली तर ती मी लावून धरणार, आणि तुझ्या तोंडावर बोलणार." चांगला फोरमन असेल तर त्याला हे सोयीचंच वाटेल, कारण स्टुअर्डने वेळेवर सांगितलं की भांडण ऑफिसपर्यंत जात नाही. गाडी मात्र वेगळी करा, निदान सुरुवातीला. तुम्ही काहीही केलं नाही तरी रोज त्याच्या शेजारी बसून येणाऱ्या माणसाकडे कुणी मन मोकळं करणार नाही.

ओव्हरटाइमचं रेपला आत्ताच सांगा, त्यात तुम्हीही आहात हेसुद्धा सांगा. वाटपाबद्दल करारात काय लिहिलंय ते दोघांनी मिळून वाचा. तक्रार आलीच तर तेवढी एक रेपला हाताळू द्या. आणि पुढच्या शनिवारी कुणाला विचारलं, कुणी नाही म्हटलं, याची सगळ्यांना दिसेल अशी यादी लावायला फोरमनला सांगा. निम्मी कुरकुर यादी नसल्यामुळे असते.

अपर्णा_मिसिसागा

आणि तक्रार घेऊन येणारा माणूस तुम्हाला आवडत नसला, तरी त्याची तक्रार तितक्याच काळजीने घ्या. कामगार संबंध कायद्याच्या (लेबर रिलेशन्स अॅक्ट) कलम ७४ खाली युनियनला कुणाशी मनमानी, भेदभाव किंवा वाईट हेतूने वागता येत नाही. रेपला विचारा, लोकल नव्या स्टुअर्डना प्रशिक्षण देतं का. इंग्रजीत तक्रार लिहायची धास्ती वाटत असेल तर पहिला मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नावं आणि कंपनी गाळून पाठवा, मी बघून देते.