नव्या कन्सोलसाठी आणि चित्रपटांसाठी टीव्ही घेताना : नागपूरकरांचे अनुभव

प्रतापनगर

मुलाने दोन वर्षे साठवलेल्या पैशांतून प्लेस्टेशन ५ हे टीव्हीला जोडून खेळायचे कन्सोल घेतले आणि ते जोडताच आमच्या चार वर्षांपूर्वीच्या टीव्हीची खरी कुवत कळली. त्याच्या खोक्यावर १२० हा आकडा ठळक छापलेला होता आणि तो पाहूनच मी तो घेतला होता. पण कन्सोलच्या माहितीत ६० हर्ट्झच्या पुढे काही दिसेना. तो आकडा हालचाल सफाईदार दिसावी म्हणून टीव्ही करत असलेल्या प्रक्रियेचा होता, पॅनेल मात्र सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे आता नवा टीव्ही घ्यायचे आम्ही ठरवले आहे. मुलगा त्यावर खेळणार आणि रात्री जेवणानंतर आम्ही दोघे चित्रपट पाहणार. ज्यांनी अशा दुहेरी वापरासाठी टीव्ही घेतला आहे त्यांनी आपली खोली कशी आहे, घेताना काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

धरमपेठ

माझ्याकडून पोर्ट मोजायचे राहून गेले. टीव्हीला मागे चार एचडीएमआय पोर्ट, म्हणजे चित्र आणि आवाजाची वायर लावायच्या खाचा, होते, म्हणून मी निश्चिंत होतो. परंतु ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० बिंदूंचे, चित्र १२० हर्ट्झने घेणारे त्यांतले दोनच होते आणि त्या दोनांपैकी एक साउंडबारला (टीव्हीखालच्या लांबट स्पीकरला) आवाज पाठवणारा ईएआरसीचा होता. माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स अशी दोन्ही कन्सोल आहेत, त्यामुळे साउंडबार लावला की एकच पूर्ण वेगाचा पोर्ट उरतो आणि खेळ बदलताना वायर बदलावी लागते. पोर्टशेजारी "४के १२०" असे अगदी बारीक अक्षरांत कोरलेले होते. टीव्ही भिंतीला लागल्यावर ते वाचायला मला मोबाईलचा दिवा आणि दाढीचा आरसा घेऊन वाकावे लागले. कन्सोल साउंडबारमधून फिरवून पाहिले, पण माझा साउंडबार ६० हर्ट्झच्या पुढचे चित्र पुढे सोडत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. "एचडीएमआय २.१" एवढे लिहिलेले असले म्हणजे सगळे मिळाले असे धरू नये, कारण त्या आवृत्तीतल्या सोयी सक्तीच्या नाहीत. त्यामुळे ४के १२०, व्हीआरआर आणि एएलएलएम ही तीनही नावे वेगवेगळी विचारावीत. व्हीआरआर असेल तर कन्सोलकडून येणाऱ्या चित्रांचा वेग कमीजास्त झाला तरी पडदा त्याच्याशी जुळवून घेतो आणि चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसत नाही. एएलएलएममुळे खेळ सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये, म्हणजे चित्र कमीत कमी उशिराने दाखवणाऱ्या मोडमध्ये, जातो. जुन्या २.० पोर्टची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट माहितीची आहे आणि नव्याची ४८ पर्यंत जाते, म्हणून केबलही कन्सोलच्या खोक्यातलीच वापरावी. एवढे करूनही माझ्याकडे तीन आठवडे ६० हर्ट्झच येत होते, कारण टीव्हीच्या मेनूत प्रत्येक पोर्टचा पूर्ण वेग वेगळा सुरू करावा लागतो आणि तो कारखान्यातून बंदच आलेला होता.

महाल

मी खेळत नाही. निवृत्तीनंतर चित्रपट पाहणे हाच माझा विरंगुळा आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. आमच्या वाड्यातल्या माजघराला एकच खिडकी आहे आणि भर दुपारीही तिथे अंधार असतो. अशा खोलीसाठी मी ओएलईडी घेतला आणि त्याचे मला आजही समाधान आहे. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात काळा रंग खरोखर काळा राहतो आणि रुंद चित्रपटाच्या वरखालच्या पट्ट्या भिंतीच्या अंधारात मिसळून जातात. आधीच्या एलईडी टीव्हीत त्याच पट्ट्या राखाडी दिसत आणि लक्ष तिकडे जाई.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट तीनदा तर पुढची दोनदा दाखवली जाते आणि कॅमेरा संथपणे घरांच्या रांगेवरून सरकला की घरे अडखळत जातात. काही टीव्ही हा फरक भरून काढतात, काही नाही. १२० हर्ट्झवर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा येते. तेव्हा हा आकडा खेळणाऱ्यांइतकाच आमच्याही कामाचा आहे. मात्र हालचाल गुळगुळीत करणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करावी, अन्यथा चांगला चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० ही उजेड-अंधार आणि रंग अधिक खुलवणारी चित्राची तंत्रे आहेत. त्यांतल्या डॉल्बी व्हिजनवर पैसे घालण्याआधी घरात कोणते यंत्र आहे ते पाहावे. प्लेस्टेशन ५ मधून ते मिळत नाही, एचडीआर१० मिळते, तर एक्सबॉक्स सिरीज एक्समधून ओटीटीवर आणि काही खेळांत मिळते.

मानेवाडा

वरचा ओएलईडीचा सल्ला आमच्या घरी चालला नसता. आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि चार वाजल्यापासून ऊन थेट समोरच्या भिंतीवर येते. आम्ही मिनी एलईडी, म्हणजे पडद्यामागे बारीक बारीक दिवे असलेला टीव्ही, घेतला, कारण भर उजेडात त्याचा पडदा अधिक उजळ राहतो. शिवाय आमची मुले एकच खेळ तासन्‌तास खेळतात आणि पडद्याच्या कोपऱ्यातला नकाशा जागचा हलत नाही, त्यामुळे ओएलईडीवर त्याचा कायमचा ठसा उमटण्याची भीती मला होती.

पण माझा खरा अनुभव उन्हाळ्याचा आहे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेला की आमचा कूलर दिवसभर चालतो आणि त्याचा ओला झोत आधी नेमका टीव्हीवर येत असे. कन्सोल आम्ही शोभेसाठी काचेच्या कपाटात ठेवले होते. दुपारी अर्ध्या तासात त्याचा पंखा मिक्सरसारखा आवाज करू लागे आणि पडद्यावर तापमानाची सूचना येऊन खेळ बंद पडे. आता कन्सोल उघड्या फळीवर, मागे वीतभर मोकळी जागा सोडून ठेवले आहे आणि कूलरची दिशाही फिरवली आहे.

विजेचेही सांगायला हवे. मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी वादळ आले आणि घराजवळच कडाडून वीज पडली. स्टॅबिलायझर होता, टीव्हीचा प्लगही काढलेला होता. पण झटका केबल टीव्हीच्या वायरने आला. सेट टॉप बॉक्स गेला आणि ज्या पोर्टला तो जोडला होता तेवढे एकच पोर्ट कायमचे मेले. दुरुस्ती वॉरंटीत बसली नाही. तेव्हापासून आकाशात गडगडाट सुरू झाला की आम्ही भिंतीचा प्लग आणि बाहेरून येणारी वायर, दोन्ही काढतो.

हिंगणा रस्ता

मी भाड्याच्या एका खोलीत राहतो आणि माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे. हे कन्सोल मुळात १४४० रेषांच्या चित्राच्या हिशेबाने बनवलेले असल्यामुळे ४३ इंची, ६० हर्ट्झचा साधा ४के टीव्ही मला पुरतो. गेम मोड लावल्यावर बटण दाबणे आणि पडद्यावर उडी दिसणे यांतला उशीर जवळपास नाहीसा झाला. माझ्यासारख्याने महागड्या पॅनेलमागे धावू नये असे मला मनापासून वाटते.

खामला

आमच्या घरी वाद आकारावरून होता. मी ६५ इंची पडद्याचे माप काढले, ते १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ सेंटीमीटर उंच भरते. तेवढ्या मापाची जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून मी भिंतीवर लावली आणि दोन दिवस तशीच राहू दिली. सोफा भिंतीपासून साडेआठ फुटांवर आहे. ५५ इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचे (४के च्या पाव बिंदूंच्या चित्राचे) बिंदूसुद्धा सात फुटांपलीकडून डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, मग ४के साठी दिलेले जास्तीचे पैसे आमच्या सोफ्यावरून कुणाला दिसणार होते? म्हणून ६५ घेतला. त्या कागदाचा दुसराही उपयोग झाला. सासूबाई समोर बसल्या आणि त्यांनी मान वर करावी लागते असे सांगितले, तेव्हा मी कागद हळूहळू खाली सरकवत नेला आणि पडद्याचा मध्य त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आला तिथे पेन्सिलने खूण केली. भोके त्यानंतरच पाडली.

प्रतापनगर, पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही मंगळवारी सकाळी गर्दी नसताना कन्सोल पिशवीत घालून बर्डीवरच्या दुकानात गेलो आणि ते जोडून पाहू द्यावे अशी विनंती केली. दुकानदारांनी आनंदाने टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून दिला. मुलाने आधी दुकानाचा भडक मोड काढून घरचा मोड लावला आणि चारही पोर्टना एकेक करून वायर लावली. मी कन्सोलच्या मेनूत पडद्याची माहिती उघडून वाचत होतो. चौथ्या पोर्टलाही ३८४० गुणिले २१६०, १२० हर्ट्झ अशी ओळ आली तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिले आणि आम्ही तोच नोंदवला. शुक्रवारी तो घरी येईल. जुन्या टीव्हीचा हूक नऊ इंच खाली घ्यायचा आहे, त्यासाठी आज भिंतीवर वर्तमानपत्रे लागली आहेत.